निळ्या झाकणाची बाटली

आमच्या पार्लरमध्ये एकाही बाटलीवर लेबल नसायचं. ही माझी अक्कल. खुर्चीत बसलेली बाई चेहऱ्याला लेप लावून मेल्यासारखी पडलेली असली, तरी डोळे उघडले की तिची पहिली नजर आरशाखालच्या फळीवर जाते. कुठलं क्रीम, कुठल्या कंपनीचं, हे एकदा वाचलं की पुढच्या महिन्यात ती स्वतःच विकत आणते आणि घरी बसून चोपडते. मग आम्ही काय माशा मारायच्या? म्हणून नवा माल आला की सगळ्या बाटल्या कोमट पाण्याच्या टबात तासभर बुडवायच्या, लेबलं सोलायची, आणि ओळखायचं ते झाकणाच्या रंगावरून. गुलाबी म्हणजे गुलाबपाणी, हिरवं म्हणजे कोरफड, पिवळं म्हणजे मसाजचं तेल. विचारलंच कुणी, तर "आमचं खास आहे" एवढं सांगायचं आणि गालातल्या गालात हसायचं.

सोलायचं काम धाकटीचं. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चौदाची होती. मीच तिला वाढवली, शिकवली, हातात दोरा देऊन भुवया कोरायला बसवली. लग्न तिनं केलं नाही, आणि माझा नवरा लवकर गेला, म्हणून आम्ही दोघीच. पुढच्या खोलीत पार्लर, मधे पडदा, मागे आम्ही. बायका मला मोठ्या ताई म्हणायच्या आणि तिला छोट्या ताई. तिचा हात इतका हलका की लेबलाचा कोपराही फाटायचा नाही, अख्खंच्या अख्खं सुटून यायचं. ती ते वाळवायची आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची, प्रत्येकाशेजारी झाकणाच्या रंगाचा एक ठिपका. माल संपला की दार उघडायचं, नाव बघायचं, मागवायचं. नावाखालचं बारीक कोण वाचतंय?

धाकटीचं पोट नाजूक. बाविसाव्या वर्षी तिला रक्ताचे जुलाब लागले, मोठ्या आतड्याला सूज म्हणाले, सात आठवडे हॉस्पिटलात होती. हाडांचा सापळा होऊन घरी आली. पुढे दोन वर्षं गोळ्या, मग हळूहळू सगळं शांत झालं. पण मी शांत झाले नाही. तिच्या ताटात काय पडतं यावर मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचे. तिखट नाही, तळलेलं नाही, बाहेरचं पाणी नाही. एखाद्या बाईनं वाढदिवसाचा केक आणला तरी धाकटीच्या तोंडात जाण्याआधी माझ्या नजरेतून जायचा. ती म्हणायची, "ताई, मी चाळिशीला आलेय गं." मी म्हणायचे, "चाळिशी तुला आली, तुझ्या आतड्याला नाही."

ते लोशन मुळात माझं होतं. उन्हाळ्यात माझ्या मानेवर आणि खांद्यावर पुळ्या आल्या, पिवळ्या तोंडाच्या, हात लागला की ठणकणाऱ्या. पार्लरवालीच्या मानेवर पुळ्या म्हणजे न्हाव्याला उवा. कोण बसेल माझ्या खुर्चीत? मी मुकाट त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. म्हातारे, कानावर केसांची झुपकी, आवाज खर्जातला. मान बघून म्हणाले, "केसांच्या मुळांत जंतू शिरलेत." मग चष्मा खाली सरकवून त्यांनी विचारलं, "पोटाचा जुना आजार? आतड्याला सूज? रक्ताचे जुलाब कधी?"

"नाही हो," मी म्हणाले, "माझं पोट दगड पचवतं."

त्यांनी लोशन लिहून दिलं आणि नियम सांगितले. दहा दिवस, दिवसातून दोनदा. आधी हात धुवायचे, जागा धुवून कोरडी करायची, पातळ थर लावायचा. डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नाही. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. आणि शेवटी बोट वर करून, "हे औषध आहे बाई, क्रीम नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही." मी मान डोलावली. डॉक्टरसमोर जशी सगळे डोलावतात तशी.

चौथ्या दिवशी मान साफ. पाचव्या दिवशी मी लावायचं विसरले आणि सहाव्या दिवशी लक्षात असून लावलं नाही.

पण त्या डॉक्टरची नक्कल मात्र मी विसरले नाही. मान साफ झाली त्या संध्याकाळी पार्लर भरलेलं असताना मी कंगवा चष्म्यासारखा नाकावर धरला आणि खर्जात सुरू झाले, "पोटाचा जुना आजार? आतड्याला सूज?" मग माझ्या आवाजात, "अहो डॉक्टर, पुळ्या मानेवर आल्यात! उद्या दात दुखला तर गुडघा तपासाल का?" बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सगळ्यांत जास्त धाकटी हसली. भुवया करताना दातात धरलेला दोरा तिच्या तोंडातून सुटला. पुढे महिनोन्‌महिने ती मला सांगायची, "ताई, तो डॉक्टर करून दाखव ना." मी करून दाखवायचे. इतक्या वेळा केला की त्याचं वाक्य मला पाठ झालं, फक्त कानात गेलं नाही.

उरलेली बाटली फळीवर होती. तीही टबात गेली, धाकटीनं लेबल सोललं, तिला निळं झाकण लागलं. मग एक दिवस एका बाईच्या पायांवर वॅक्सिंगनंतर लाल पुरळ उठलं. ती रडकुंडीला आली, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. मी निळ्यातलं थोडं चोळलं. सकाळी तिचा फोन, "मोठ्या ताई, जादू केलीत! काय लावलंत?"

"आमचं खास आहे," मी म्हणाले.

बस. तिथून सुरू झालं. प्रत्येक वॅक्सिंगनंतर निळं. पुरळ असो नसो, निळं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पहिल्यांदा चिठ्ठी मागायचा, मग विचारायचा, "तुमच्यासाठीच ना?" आणि मग विचारायचाही बंद झाला. पुरवून वापरायला मी त्यात गुलाबपाणी घालायचे. एक नर्स आमची जुनी गिऱ्हाईक, दर महिन्याला हातपाय करायला यायची. तिच्या पिंढऱ्यांवरच्या पुळ्या जायच्या आणि परत यायच्या, दर वेळी आधीपेक्षा मोठ्या. "आता पहिल्यासारखा गुण येत नाही हो," ती म्हणाली. मी अजून दोन बोटं जास्त लावलं. अर्धवट मारलेले जंतू धीट होतात, हे मला नंतर कळलं. कळायला हवं होतं त्यापेक्षा सगळंच मला नंतर कळलं.

मग धाकटीच्या पायांवर आलं. मीच तिचं वॅक्सिंग केलं होतं, घाईत, उलट्या दिशेनं ओढून. दोन्ही पाय, काखा, सगळीकडे पुळ्या. तिला खाजवायची सवय, त्यामुळे कातडी सोलवटून निघाली.

"निळं लाव," मी म्हणाले.

"किती?"

"घरचंच तर आहे. लाव भरपूर."

ती सकाळ-संध्याकाळ लावायची, हिवाळ्यात अंगाला क्रीम चोळतात तसं, घोट्यापासून मांडीपर्यंत. बरं वाटलं की सोडायची, पुळ्या आल्या की पुन्हा धरायची. असे सहा आठवडे गेले. तिच्या तोंडात काय जातं यावर मी पहारा देत होते आणि बाकीच्या सगळ्या अंगानं ती ते पीत होती.

जुलाब सुरू झाले तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "काय खाल्लंस?"

"काही नाही गं, शप्पथ."

मी कचऱ्याचा डबा उपसला. तळाशी वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं. ते मी तिच्या नाकासमोर नाचवलं, आणि अशी काही बोलले की ते शब्द आज आठवले की जीभ चावावीशी वाटते. लपून खातेस, माझ्या जिवाला घोर लावतेस, सात आठवडे मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढले ते विसरलीस. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "चारच खाल्ले होते, ताई. चव बदलायला."

कारण सापडलं म्हणून मला हायसं वाटलं. मेडिकलवाल्याकडून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की अर्धा दिवस थांबायचे, पोट फुगायचं, कळा यायच्या, आणि मग पुन्हा दुप्पट. मी गोळ्या वाढवल्या. पाच दिवस असं चाललं. चौथ्या दिवसापासून तिला वाकता येईना, म्हणून तिच्या पायांना निळं मी लावत होते. माझ्या मांडीवर तिचे पाय घेऊन, या हातांनी, प्रेमानं. हे मी मुद्दाम सांगतेय. कुणाला वाटू नये की मी निष्काळजी होते. मी काळजीच घेत होते.

रविवारी तिला ताप चढला आणि ती शुद्धीत-बेशुद्धीत बोलू लागली, तेव्हा हॉस्पिटलात नेली. वॉर्डात आमची नर्सच ड्यूटीवर होती. "अगं बाई, मोठ्या ताई!" म्हणत ती धावत आली. तिनं खिडकीजवळची खाट दिली, स्वच्छ चादर दिली, सलाइन पहिल्या टोचणीत लावलं. मला चहा आणून दिला. आपलं माणूस भेटलं म्हणून माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरीण तरुण होती, केस रबरात करकचून बांधलेले, डोळ्यांखाली काळं. धाकटीच्या जुन्या आजाराचे कागद तिनं नीट वाचले. मग विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का त्यांनी?"

"नाही."

"घसा, ताप, दात, कशासाठीही?"

"डॉक्टर, तिच्या पोटात काय जातं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

आणि ते खरं होतं. त्या वेळी मी खोटं बोलले नव्हते. डॉक्टरणीनं तपासणीला नमुना पाठवला, जुना आजारच उलटला असावा असं धरून त्याची औषधं सुरू केली. थांबवायच्या गोळ्यांचं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या गोळ्या काय, घरोघरी असतात.

सोमवारी दुपारी ताप थोडा उतरला. धाकटीच्या ओठांची सालं निघाली होती, मी ओल्या कापसानं पुसत होते. ती किंचित हसली. "ताई, सगळे माझ्या पोटाचंच विचारतायत."

"मग कशाचं विचारतील?"

"तो डॉक्टर करून दाखव ना."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी बघत होती. मला लाज वाटली, पण पोरीनं दोन दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी कंगवा काढला, नाकावर धरला, आवाज खर्जात नेला. "पोटाचा जुना आजार? आतड्याला सूज? रक्ताचे..."

पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही. कंगवा नाकावर तसाच. धाकटी वाट बघत होती की आता गुडघ्याचं येईल. मी म्हणाले, "घशात काहीतरी अडकलं," आणि पाणी प्यायला बाहेर गेले. व्हरांड्यात नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते माहीत नाही. पाणी वाहून जात होतं, कुणीतरी ओरडलं तेव्हा नळ बंद केला.

कपडे आणायच्या निमित्तानं घरी गेले. कपाट उघडलं. निळ्या ठिपक्याशेजारी ते लेबल होतं, धाकटीनं सरळ, नीट चिकटवलेलं. अक्षरं मुंगीएवढी. मी नखानं उचकटायला गेले तर कोपरा फाटला. माझा हात तिच्यासारखा नाही. चेहऱ्यावरचे काळे ठिपके काढायला आमच्याकडे भिंगाचा दिवा आहे, तो लावला आणि खाली लेबल धरलं. बायकांच्या नाकावरची भोकं मोठी करून दाखवणाऱ्या त्या भिंगात एकेक शब्द मोठा होऊन आला. अँटिबायोटिक लोशन. आतड्याच्या सुजेचा जुना आजार असल्यास वापरू नये. जोराचे जुलाब लागल्यास त्वरित बंद करून डॉक्टरांना कळवावे. जुलाब थांबवणारी औषधे स्वतःहून घेऊ नयेत. फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मी खाली फरशीवर बसले. समोरच्या आरशात मी दिसत होते, मागे फळी, फळीवर ओळीनं बाटल्या. सगळ्या कशा एकसारख्या, स्वच्छ, गोऱ्यागोमट्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला सगळ्यांत जड जातं. चूक झाली, अज्ञानानं झाली, हे म्हणायला तोंड आहे. पुढच्यासाठी तोंड नाही.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीण राऊंडला आली. धाकटीचं पोट वर आलं होतं, डोळे मिटलेले होते. डॉक्टरणीनं पोट दाबून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाली, "परत एकदा विचारते. औषधाला अपेक्षेइतका गुण नाही. काहीही, अगदी काहीही अँटिबायोटिक झालंय का?"

लेबल माझ्या पर्समध्ये होतं. मी तोंड उघडलं. आणि डॉक्टरणीच्या खांद्यामागे, फाइल छातीशी धरून, नर्स उभी होती. माझ्याकडेच बघत होती, आपुलकीनं. तिच्या पिंढऱ्यांवर मी सात महिने तेच चोळलं होतं. तिला कळलं की संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलभर होईल, उद्यापर्यंत गल्लीभर. मोठ्या ताई बायकांना न सांगता औषधं चोपडतात. वीस वर्षांचं पार्लर एका वाक्यात बसलं असतं. मी स्वतःला समजावलं की लोशन तर आता बंदच झालंय, जे बंद झालं ते सांगून काय उपयोग. माणसाचं डोकं अडचणीत किती झपाट्यानं चालतं बघा.

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर मी धाकटीच्या पिशवीतली निळ्या झाकणाची छोटी बाटली काढून बेसिनमध्ये ओतली. वर पाणी सोडलं. वासही राहिला नाही.

बुधवारी संध्याकाळी तपासणीचा निकाल आला. डॉक्टरणीनं मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. "हे जंतू असे माजतात ते बहुतेक वेळा अँटिबायोटिकनंतर," ती म्हणाली. "आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि हे मोकाट सुटतात. तुम्ही काहीतरी विसरताय." नर्स तिथेच होती. आता मी तिच्याकडे बघितलं नाही. पर्समधून लेबल काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, गुलाबपाण्यासकट.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती विचारत गेली आणि लिहीत गेली. किती आठवडे? दिवसातून किती वेळा? किती भागावर? कातडी सोललेली होती? "धड कातडीतूनही थोडं आत जातं, सोललेल्यातून जास्त," ती लिहिता लिहिता म्हणाली. मग, "जुलाब थांबवायचं काही दिलंत?" मी आकडा सांगितला तेव्हा तिचं पेन थांबलं. आतड्यात जे बाहेर पडायला बघत होतं ते मी पाच दिवस आत कोंडून ठेवलं होतं.

तासाभरात औषधं बदलली. पण गुरुवारी दुपारी धाकटीचं पोट ढोलासारखं ताणलं, रक्तदाब उतरला आणि तिला ऑपरेशनला घेतलं. मोठं आतडं काढावं लागलं, सगळं. पोटाच्या उजव्या बाजूला भोक, त्यावर शौचाची पिशवी, जन्माची.

ऑपरेशननंतर व्हरांड्यात मी डॉक्टरणीला गाठलं. "मी मंगळवारी सांगितलं असतं तर?"

ती भिंतीला टेकली. खूप दमलेली होती. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडला असता."

तिनं काहीही एक सांगितलं असतं तरी मी ते घेऊन जगले असते. हे असलं घेऊन कसं जगायचं?

धाकटी वाचली. पहिले काही दिवस ती फक्त झोपायची. तिला एवढंच सांगितलं होतं की आतड्यात वाईट जंतू झाले. जुनाच आजार उलटला असं ती धरून चालली होती, आणि एकदा तर मलाच म्हणाली, "सॉरी ताई, ते वेफर्स खायला नको होते मी." मी उठून खिडकी लावली. वारा नव्हताच.

नर्सनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण धाकटीचं सगळं ती जातीनं करायची. बाराव्या दिवशी ती पिशवी बदलत होती. भोकाभोवतीची कातडी लाल झाली होती, त्यावर बारीक पुरळ. धाकटीनं मान उचलून बघितलं. आता तिला स्वतःच्या पोटाकडे बघायला जमू लागलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "घरून येताना आपलं निळं आण ना. दोन दिवसांत जाईल हे."

नर्सचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी सरळ डोळ्यांत. मग पिशवी नीट बसवली, कडा दाबल्या, पडदा ओढला आणि निघून गेली.

मी पर्स उघडली. लेबल धाकटीच्या हातात दिलं. तिला जवळचं अजून चष्म्याशिवाय दिसतं. ती आधी ते उलटसुलट करून बघत राहिली, ओळखीचं माणूस भलत्या ठिकाणी भेटावं तसं.

"हे तर मी काढलेलं," ती म्हणाली. "पण असं फाटलं नव्हतं."

"मी फाडलं. दारावरून काढताना."

मग तिनं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिचा दुसरा हात पांघरुणावरून सरकत पिशवीवर जाऊन थांबला. मी वाट बघत होते, तिनं ओरडावं, मारावं, काहीही करावं. आणि खरं सांगते, मनाच्या एका घाणेरड्या कोपऱ्यात मला असंही वाटलं, की लेबल तर हिनंच सोललं होतं, हिनं का नाही वाचलं?

"कधी काढलंस दारावरून?"

"सोमवारी."

"कुठल्या?"

"तू मला डॉक्टर करून दाखव म्हणालीस, त्या."

तिनं नजर छताकडे वळवली.

"मंगळवारी त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी जागी होते, ताई. डोळे उघडायची ताकद नव्हती, पण ऐकू येत होतं. तू नाही म्हणालीस."

"हो."

"मला वाटलं, ताईला माहीत नसेल."

रडायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी नखं तळहातात रुतवून बसून राहिले. तिनं लेबलाचा फाटका कोपरा बोटानं सरळ केला, बसेना, पुन्हा केला. मग ते माझ्या हातात परत दिलं.

"कपाटाच्या दारावर लाव परत," ती म्हणाली. "बाहेरच्या बाजूनं."

ते आता तिथे आहे. बाकीच्या बाटल्यांवरही लेबलं असतात. निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. नर्स एकदा आली, कपाटापाशी उभी राहून ते वाचलं, खुर्चीत बसली नाही. धाकटी भुवया करते, हात तसाच हलका आहे. पिशवी ती स्वतः बदलते, कडी लावून. मला हात लावू देत नाही. बोलते, नाही असं नाही. साबण संपला, मीटरवाला आला, एवढं.

कधी कुणी नवी बाई पायावर पुळ्या घेऊन येते आणि म्हणते, लावा ना काहीतरी. मी सांगते, इथे नाही, डॉक्टरकडे जा, आणि ते विचारतील त्याचं खरं खरं सांगा. पोटाचा जुना आजार असेल तर तोही. बाई हसते. "अहो, पुळ्या पायावर आहेत!"

धाकटी शेजारच्या खुर्चीपाशी दातात दोरा धरून उभी असते. तो सुटत नाही.